किंगरीचे वतन

आदिलाबादच्या डोंगराळ मुलखात परधान नावाची एक जमात राहते. तिची घरातील बोली पिढ्यान् पिढ्या मराठी. परंतु वाद्य हाती घेऊन देवापुढे बसल्यावर तिच्या तोंडून जी आख्याने निघतात ती गोंडी भाषेतील. त्या आख्यानांतील देव राजगोंडांचे, पूर्वज राजगोंडांचे, आणि ती गाऊन घेण्याचा अधिकारही राजगोंडांचा. परधान हा त्यांचा परंपरागत गायक. एका समाजाचा सारा पुराणेतिहास दुसऱ्या समाजाच्या कंठात राहावा, आणि त्या दुसऱ्या समाजाची घरची भाषा आपली मराठी असावी, ही गोष्ट मराठी श्रोत्यांनी जरा थांबून ऐकावी अशी आहे.

हा मुलूख आपल्याला वाटतो तितका परका नाही. निजामाच्या राज्यात किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. १९५६ साली भाषावार राज्यरचना झाली तेव्हा ते तेथून निघून मुंबई राज्यात आले. किनवट नांदेडला जोडला गेला. राजुराही आधी नांदेडला आणि पुढे १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला मिळाला. रेषा नकाशावर पडली, तरी देवांची ठाणी, सोयरीक आणि आठवड्याचे बाजार तिच्या दोन्ही अंगांना राहिले. २०१६ मध्ये तेलंगण सरकारने जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे केले. आजच्या भाषणात मी आदिलाबाद म्हणेन तेव्हा तो जुना, अखंड जिल्हा समजावा.

आता विषयाकडे वळतो. लोकांची गाणी जपावीत, ती आपला सांस्कृतिक वारसा आहेत, असे आपण हल्ली वरचेवर ऐकतो. युनेस्कोने २००३ मध्ये अमूर्त वारशाविषयीचा आंतरराष्ट्रीय करार केला आणि भारताने २००५ मध्ये त्यास मान्यता दिली. तेव्हापासून हा शब्द सरकारी कागदांतही रुळला. परंतु मराठी माणसाला वारसा हा शब्द प्रथम भेटतो तो तलाठ्याच्या दप्तरात. वारस लागतो, वारसाची नोंद होते, सातबाऱ्यावर नाव चढते. वारसा म्हटला की कोणाकडून, कोणाला आणि काय, हे तीन प्रश्न ओघानेच आले. गाण्याच्या बाबतीत आपण ते विचारीत नाही. गाणे म्हणजे वाऱ्यावर आलेली वस्तू, ज्याने झेलली त्याची, असे काहीसे आपण धरून चालतो. आदिलाबादच्या परधानाच्या बाबतीत मात्र ही समजूत चालत नाही. तेथे गाणे हे वतन आहे, आणि ते जुन्या बलुत्याच्या हिशेबाइतक्या काटेकोरपणे बांधलेले आहे.

राजगोंडांची कुळे चार मोठ्या गटांत विभागलेली असतात. कोणी चार देवांचे, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. प्रत्येक कुळाचा एक थोर देव असतो, त्यास पेर्सा पेन म्हणतात. त्या कुळाला त्याचा ठरलेला परधान असतो आणि त्या परधानाच्या मुलाला त्या यजमानाचा मुलगा यजमान म्हणून मिळतो. पेर्सा पेनाच्या पूजेत परधानाने किंगरी वाजवून त्या कुळाच्या देवाची उत्पत्ती गावी लागते. ती गाइली गेली नाही तर पूजा पुरी झाली असे गोंड मानीत नाहीत. लग्नात आणि मृत्यूनंतरच्या विधींतही त्याचे काम असते. त्याबद्दल त्याला धान्य, वस्त्र, कधी जनावर आणि मृत यजमानाच्या अंगावरची वस्त्रेही हक्काने मिळत. तोटी नावाची आणखी एक लहानशी जमात तेथे आहे. तिचेही काम याच प्रकारचे.

वाद्याविषयी दोन शब्द. किंगरी हे नाव आपल्याला नवे नाही. आपल्याकडचे किंगरीवाले नाथजोगी अनेकांनी पाहिले असतील. गोंडी बोलीत तिला किकरी म्हणतात. तीन तारांचे, गजाने वाजवायचे हे वाद्य आहे. मुख्य गायक ती वाजवीत गातो, साथीदार ओळ उचलतो, जोडीला ढोल आणि पेपरे नावाचे सनईच्या जातीचे वाद्य असते. काही भाग नुसता सांगायचा, काही गायचा, अशी आख्यानाची चाल असते. एका बैठकीत ते संपत नाही, रात्रीची रात्र जाते.

या गायकाच्या स्थानाविषयी गोंडांच्याच परंपरेत एक विलक्षण कथा आहे. महाराष्ट्राच्या गोंदिया जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यात, कचारगडची मोठी गुहा आहे. माघ पौर्णिमेला तेथे यात्रा भरते. देवांची मुले या गुहेत कोंडली गेली आणि तोंडावर प्रचंड शिळा बसवली गेली, असे सांगतात. पहांदी पारी कुपार लिंगो हा गोंडांचा आदिगुरू. त्याच्या सांगण्यावरून हिरासुका पाटालीर या गायकाने गुहेबाहेर किंगरी वाजवली. त्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगी बळ आले, त्यांनी मिळून शिळा लोटली, आणि ती शिळा गायकाच्याच अंगावर पडून तो चिरडला गेला. ज्या समाजाने आपल्या मुक्तीच्या कथेत असा गायक ठेवला, त्याला गाण्याची किंमत कळत नव्हती असे कोणी म्हणू नये.

परधानाच्या तोंडचे हे आख्यान कागदावर प्रथम आले ते नागपूरमुळे. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडमधून आलेले मिशनरी होते. त्यांनी आदिवासींच्या भाषा आणि चालीरीती यांविषयी बरीच टिपणे जमवली होती. त्यांत एका परधानाकडून उतरवून घेतलेले लिंगोचे गीत होते. १८६३ मध्ये ओढ्याच्या पुरात बुडून हिस्लॉप यांचा अंत झाला. पुढे रिचर्ड टेंपल यांनी ती टिपणे संपादित करून १८६६ मध्ये छापली. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी हे गीत मूळ गोंडीसह ग्रंथात गेले. तथापि हिस्लॉप यांचा ग्रंथ वाचून एकाही गोंड कुळाने आपला पेर्सा पेन पुजला असेल असे मला वाटत नाही. ग्रंथ विद्वानांसाठी होता, त्यांना तो उपयोगी पडला, आणि तेवढ्यापुरते त्याचे काम झाले.

आदिलाबादमध्ये हे काम ज्यांनी केले ते ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ. मूळचे व्हिएन्नाचे. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्यांच्याजवळ जर्मनीचा पासपोर्ट होता, म्हणून शत्रुराष्ट्राचा नागरिक या नात्याने त्यांना हैदराबाद संस्थानातच राहावे लागले. आपत्तीचा असा सदुपयोग विरळा. १९४० मध्ये जोडेघाट येथे कुमराम भीम यांचे बंड निजामाच्या पोलिसांनी गोळ्या घालून मोडले होते. गोंड का चिडले, हे सरकारला समजून घ्यावेसे वाटू लागले, आणि हा मानववंशशास्त्रज्ञ आदिलाबादच्या डोंगरात मार्लवाई गावी जाऊन राहिला. त्याने जागा ठेवून परधानांची आख्याने ऐकली, लिहून घेतली आणि १९४८ मध्ये राजगोंडांच्या पुराणकथा व विधी यांविषयी मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. परधानांची मातृभाषा मराठी असल्याचे त्यानेच नोंदवून ठेवले आहे. त्याने घेतलेली छायाचित्रे आणि चित्रफिती आज लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत आहेत. त्याची पत्नी बेटी १९८७ मध्ये वारली, तिची समाधी मार्लवाईलाच आहे.

शिक्षक म्हणून मला त्याच्या आणखी एका कामाचे अगत्य आहे. १९४३ पासून मार्लवाईला गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र चालले आणि तेथील मुलांसाठी गोंडी भाषेची पहिली वाचनपुस्तके निघाली, ती देवनागरी लिपीत. त्या भागात शिकलेल्या गोंडाला मराठी अक्षर आधीच ओळखीचे होते. ही पुस्तके पुढे मागे पडली. १९५६ नंतर तेथे तेलुगूचे राज्य आले. लिपी बदलली की जुनी पुस्तके घरात राहतात, पण वाचता येत नाहीत, आणि मग एखाद्या पावसाळ्यात ती चुलीत जातात.

इथवरची हकिगत ऐकून श्रोत्यांना वाटेल की गाणी सुरक्षित झाली. ग्रंथ झाला, चित्रफिती झाल्या, आणखी काय हवे? हायमेनडॉर्फ स्वतः तसे समजले नाहीत. ते पुन्हा पुन्हा आदिलाबादला येत राहिले आणि १९७९ मध्ये त्यांनी आंध्र प्रदेशातील गोंडांविषयी जे दुसरे पुस्तक लिहिले त्याचा रोख परंपरा आणि स्थित्यंतर यांवर होता. जंगले राखीव झाली, सडका आल्या, सडकांवरून जमिनीचे नवे धनी आले. आदिवासींची जमीन इतरांकडे जाऊ नये म्हणून कायदे झाले, पण जमीन त्यांच्याआधीच पुष्कळ पुढे गेली होती. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे जमिनीच्या प्रश्नावर जमलेल्या गोंडांवर पोलिसांचा गोळीबार झाला. सरकारने तेरा मृत्यू सांगितले; मृतांची संख्या याहून पुष्कळ मोठी होती असे म्हणणारे आजही आहेत. या साऱ्याचा किंगरीशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की ज्या यजमानाकडे आठ एकरांऐवजी दीड एकर उरली तो परधानाला जनावर कोठून देणार? धान्याची पायली पसाभर होते, मग वर्षाआड होते, मग बंद होते. परधानाचा मुलगा मजुरीला जातो. आख्यान शिकायला ऐन उमेदीची कित्येक वर्षे बापाबरोबर हिंडावे लागते, आणि मजुरीला जाणाऱ्या मुलाला तेवढ्या रात्री मोकळ्या मिळत नाहीत. गाणे विसरले जाते ते असे, हिशेबाने, एकेका पायलीने. स्मरणशक्तीला दोष देण्यात अर्थ नाही.

आमच्या महाराष्ट्रात हेच निराळ्या रीतीने घडले. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाख दहा हजारांच्या घरात ओव्या जमल्या. २०१७ पासून त्या लोकांपुढे येत आहेत, आणि हे काम पाहून कोणालाही धन्यता वाटावी. पण ओवीला पहाटेचे जाते लागत असे, दोघी जणी समोरासमोर बसाव्या लागत आणि दळण्याचे कष्ट असावे लागत. पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांचे खांदे सुटले. कोणती सासुरवाशीण ओवी टिकावी म्हणून पुन्हा जाते ओढील? तिने ओढावे असे म्हणण्याचा अधिकार मला तरी नाही.

ग्रंथांचा भरवसा किती धरावा, याविषयी आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांच्या घरचे एक उदाहरण सांगतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापले. अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचा हा ग्रंथ. पण या तिन्ही छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज ज्ञात नाही. जी उरली ती हाताने उतरवलेली बाडे. ती का उतरवली गेली? कारण देवळांत आणि घरांत ते पुराण वाचले आणि गाइले जात होते, आणि ज्याला गायचे असे तो आपल्यासाठी प्रत करून घेई. त्या बाडांवरूनच १९०७ मध्ये मंगळूरला सालढाणा यांनी ते पुन्हा छापले. आजीच्या पिढीला त्यातील भाग पाठ असत असे मी लहानपणी ऐकले आहे. पुढे शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये देवनागरीत आवृत्ती काढली, तेव्हा ते साऱ्या मराठी वाचकांना खुले झाले. छापखान्याने ते आधी पसरवले, गाणाऱ्यांनी मधली अडीच शतके तगवले आणि छापखान्याने पुन्हा हाती घेतले. या मधल्या अडीच शतकांचे मोल आपण करीत नाही.

आता या विषयातील सर्वांत अवघड जागा. परधानाचे वतन टिकले तर गाणे टिकेल, असे मी म्हटले. पण ते वतन कसले होते? राजगोंड परधानाला आपल्याहून खालचा मानीत आला आहे. देवाची उत्पत्ती ज्याच्या तोंडून ऐकायची त्याच्या हातचे अन्न मात्र घ्यायचे नाही, असा तो रिवाज. मेलेल्याची वस्त्रे हक्काने मिळतात, या हक्कात मानाचा भाग किती आणि अपमानाचा किती, हे शिकलेल्या परधान तरुणाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. आपल्याकडे हा प्रश्न फार पूर्वी उभा राहिला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविषयी विधेयक आणले, कारण हक्काची भाकर आणि गुलामी एकाच दोरीत बांधलेल्या होत्या. १९५८ च्या कायद्याने ती वतने गेली. त्याबरोबर गावकीची काही जुनी गाणी आणि पोतराजासारखे काही रिवाजही अनेकांनी आपण होऊन सोडले. लोककलेच्या कोणा अभ्यासकाने त्याबद्दल हळहळ व्यक्त केली तर ती हळहळ त्याने स्वतःजवळच ठेवावी. कारण त्याच वस्त्यांतून आंबेडकरी जलसे उभे राहिले, वामनदादा कर्डक झाले, आणि लोकांच्या ओठांवर खेळणारी शेकडो नवी गाणी आली. ती गाणी कोणाच्या दारात उभे राहून मागण्यासाठी नव्हती.

परधानांपुरते बोलायचे तर असे वळण मध्य प्रदेशात दिसते. मंडला भागातील परधानांवर १९४६ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिले ते सोलापूरच्या मराठी ख्रिस्ती घरातील शामराव हिवाळे यांनी. व्हेरियर एल्विन यांचे ते आयुष्यभराचे सहकारी. पण एल्विनचे नाव सर्वतोमुखी आणि हिवाळ्यांचे आपल्या मराठीतही कोणाला ठाऊक नाही. एल्विन यांच्यासह त्यांनी गोंडांची आणि मैकल डोंगरातील लोकांची गाणी जमवून पुस्तकरूपाने आणली. तेथील परधानांचे वाद्य बाना. बड्या देवाचा वास त्यात मानतात, आणि परधान हा सात गोंड भावांतील धाकटा, अशी कथा सांगतात. ज्या पाटनगडात हिवाळे राहिले त्याच गावचा जनगडसिंह श्याम हा परधान तरुण १९८० च्या दशकारंभी भोपाळच्या भारत भवनात आला आणि त्याने आपल्या देवांना रंगात उतरवले. आज जगात गोंड चित्रकला म्हणून जी ओळखली जाते ती पुष्कळशी या परधान घराण्यांची आहे. जुने यजमान गेले, त्यांच्या जागी चित्रे विकत घेणारे नवे यजमान आले. जनगडसिंहाचा २००१ मध्ये जपानमध्ये करुण अंत झाला, हेही विसरता येत नाही. नवा यजमान जुन्यापेक्षा दयाळू असतोच असे नाही.

आदिलाबादला असे वळण अजून लाभलेले नाही. तेथे प्रसिद्धी मिळाली ती गुसाडीला. दिवाळीपूर्वी दंडारीची पथके गावोगाव फिरतात. त्यांत डोक्यावर मोरपिसांचा भव्य मुकुट आणि अंगाला राख लावलेले गुसाडी नाचतात. हे दृश्य डोळ्यांत भरणारे असल्यामुळे दिल्लीपासून सर्वत्र गेले. मार्लवाईचे कनक राजू यांनी अनेक तरुणांना ते शिकवले. त्यांना २०२१ चा पद्मश्री किताब मिळाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते निवर्तले. मान योग्य माणसाला मिळाला यात शंका नाही. परंतु रंगमंचाला दहा मिनिटांत पाहून होणारी वस्तू हवी असते. तीन तारांच्या किंगरीवर रात्रभर चालणारे देवाचे जन्माख्यान तेथे बसत नाही. रेडिओचेही तसेच. आदिलाबादच्या आकाशवाणी केंद्राने गोंडी गाण्यांना जागा दिली, तिचे ऋण मोठे आहे. पण रेडिओ घड्याळावर चालतो, जसे माझे हे भाषण चालले आहे, आणि परधान घड्याळावर गात नाही. कापून घेतलेला तुकडा ऐकणाऱ्याला गोड लागतो. ज्या कुळाचे ते आख्यान, त्याला मात्र त्यात आपल्या पूर्वजाचे नाव येण्यापूर्वीच बातम्या लागलेल्या असतात.

दुसरीकडे एक आशादायक गोष्ट घडली आहे. नारनूर भागातील गुंजाळा गावी सुमारे २००६ मध्ये गोंडीची जुनी हस्तलिखिते उजेडात आली. ती साधारण १७५० च्या सुमाराची असावीत असे अभ्यासक मानतात. लिपी स्वतंत्र, आणि ती वाचू शकणारी माणसे गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्या वृद्धांपासून अक्षरे शिकून घेतली गेली, मुलांसाठी पुस्तके झाली, आणि २०१८ मध्ये ही लिपी संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात गेली. हे सारे जमले, कारण त्या वृद्धांना कोणीतरी येऊन शिष्यभावाने विचारले. गाणाऱ्यांनाही असेच विचारता येईल.

किंगरी ऐकायची असेल तर सभागृहापेक्षा केसलापूरला जावे. पौष अमावास्येला तेथे नागोबाची यात्रा भरते. मेसराम कुळाचे लोक दिवसेंदिवस पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात आणि त्या पाण्याने नागोबाची पूजा होते. महाराष्ट्रातून येणारे भाविकही असतात. येथे गाणाऱ्याचे कोणी कौतुक करीत नाही, टाळ्या पडत नाहीत. तो गातो कारण त्या दिवशी त्याने गायलाच हवे. अलीकडे भोवती तरुणांचे मोबाईल वर झालेले असतात. या मोबाईलना नाके मुरडणारे पुष्कळ आहेत, मी त्यांतला नाही. हिस्लॉपला शाई लागली, हायमेनडॉर्फला कॅमेरा लागला, या मुलांच्या खिशात दोन्ही आहेत, आणि ती मुले त्याच कुळांतील आहेत. लंडनमधील चित्रफितीत आपला पणजोबा शोधणारा नातू आणि आज आपल्या आजोबांना मोबाईलवर टिपणारा नातू, यांत दुसऱ्याचे काम सोपे आहे. अडचण एवढीच की टिपलेले गाणे कोणत्या कुळाचे, कोणत्या विधीचे, हे त्यात कोठेच नसते. दोन वर्षांनी ते लग्नाच्या मांडवात ध्वनिवर्धकावर वाजते, आणि मृत्यूनंतर गायचे आख्यान वरातीत ऐकू येते.

म्हणून माझ्या व्यवसायाला साजेशी एक साधी सूचना करतो. किनवट, माहूर, राजुरा, जिवती या भागांतील शाळांत परधान आणि गोंड मुले मराठी माध्यमातून शिकतात. त्यांच्या शिक्षकांनी एक वही घालावी. सुटीत मुलांनी घरी किंवा नातलगांत जे गाणे ऐकले त्याची त्यांनी त्या वहीत नोंद करावी. गाण्याचे शब्द लिहिता आले नाहीत तरी चालेल. कोणी गाइले, त्याच्या गुरूचे नाव काय, कोणत्या कुळासाठी, कोणत्या प्रसंगी, ते बाहेरच्यांनी ऐकलेले चालते की नाही, एवढे लिहावे. जे बाहेर चालत नाही असे आजोबा सांगतील ते टिपू नये. नुसते गाण्याचे नाव लिहून पुढे जावे. आणि अखेरीस एक रकाना असावा, गाणाऱ्याला काय मिळाले याचा. मुलांना तो विचित्र वाटेल, एखाद्या पालकाला आवडणारही नाही. पायलीभर ज्वारी, एक धोतर, शंभर रुपये, नुसता चहा, काही नाही, जे असेल ते मुलांनी तसेच लिहावे.